रामबागेतील संजाची भिंत

[दृश्य : मागचे अंगण, दुपार. गुलबक्षीची झुडपे.]

गुलबक्षीचे फूल सकाळी उमलत नाही. उन्हे कलली आणि अंगणातली सावली ओसरीच्या पायरीला टेकली की दुपारी चारच्या सुमारास त्याच्या मिटलेल्या कळ्या एकेक करून सुटू लागतात, आणि इंदूरच्या रामबागेतील या जुन्या घरात भाद्रपदातील पौर्णिमेपासून सोळा दिवस शाळेतून आलेल्या मुली दप्तरे टाकून याच वेळेची वाट पाहत बसतात. हे उमलणे टिपण्यासाठी आम्ही पाऊण तास कॅमेऱ्यामागे न हलता बसलो होतो. त्यातील एक मिनिट आहे त्याच गतीने येथे ठेवले आहे, कारण मुली ते याच गतीने पाहतात.

फुले परडीत आली की काम सुरू होते. या कामाचे नाव संजा. माळव्यातील कुमारिका पितृपक्षात घराच्या भिंतीवर शेणाने आकृती मांडतात, तिला फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात, दिवेलागणीला तिच्यासमोर बसून गाणी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी ती उतरवून त्याच जागी नवी आकृती घालतात. मोठी माणसे ज्या दिवसांत कोणतेही शुभकार्य काढत नाहीत, त्याच दिवसांत मुलींचा हा खेळ रंगतो. या घरातील आजींच्या स्वयंपाकघरातील पंचांगात या काळाला भाद्रपद वद्य म्हटले आहे आणि भिंतीपलीकडच्या मालवी घरात आश्विन कृष्ण. महिन्याचे नाव दोन्ही घरांत वेगळे असले तरी सोळा दिवस तेच आहेत.

[दृश्य : घमेले, हात, भिंत.]

शेण ताजे हवे. शिळे शेण भिंत धरत नाही, आणि फार पातळ असेल तर आकृतीच्या रेषा खाली ओघळतात. म्हणून आजी आधी ते दोन बोटांत घेऊन पाहतात आणि मगच मुलींकडे देतात. भिंतीचा हातभर रुंदीचा चौकोन आधी शेणाने सारवून वाळू दिलेला असतो. त्यावर मुली शेणाच्या बारीक वळ्या करून, शेवयांच्या पिठाच्या वळाव्यात तशा तळहातांवर वळून, एकेक वळी भिंतीवर दाबत जातात. वळी दाबताना अंगठा जोरात लागला तर ती चपटी होते आणि पाकळीला बसायला जागा उरत नाही. हलका लागला तर वाळल्यावर ती सुटून पडते. हा नेमका दाब कोणी समजावून सांगत नाही. सात वर्षांची धाकटी मुलगी बाराच्या मोठीचा अंगठा पाहते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्या वळ्याही भिंतीला धरू लागतात. पाकळ्या मात्र शेण ओले असतानाच लावाव्या लागतात, त्यामुळे एकीने वळी दाबायची आणि दुसरीने तिच्यामागोमाग पाकळी ठेवत जायचे, अशी जोडी आपोआप ठरते. गुलबक्षीचा गडद गुलाबी, तेरड्याचा फिका, चांदणीचा पांढरा, कण्हेरीचा पिवळा, एवढेच रंग हाताशी आहेत. बाजारातून काहीही आणलेले नाही.

कोणत्या तिथीला काय मांडायचे ते परंपरेने ठरलेले आहे. चौथीला चौपट म्हणजे सोंगट्यांचा पट, पंचमीला पाच कुंवारे म्हणजे पाच अविवाहित मुलगे, सप्तमीला साथिया म्हणजे स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल, नवमीला डोकरा-डोकरी म्हणजे म्हातारा-म्हातारी, आणि अखेरच्या दिवसांत तट, बुरूज, पायऱ्या, सूर्य-चंद्र असा मोठा किलाकोट. गावोगावी आणि घरोघरी हा क्रम थोडा बदलतो. आकृती ठरलेली असली तरी रोजची संजा वेगळी दिसते, कारण रोज परडीत येणारी फुले वेगळी असतात. एखाद्या दिवशी पाऊस झाला आणि तेरडा झडला, तर अर्धे फूल पांढरेच राहते. आमच्या मते कलेमागच्या प्रेरणेचा विचार येथून सुरू व्हायला हवा. आज हाताशी काय आहे ते परडीत पाहायचे, आणि तेवढ्यातून आजची आकृती पूर्ण करायची.

आजी मूळच्या माळव्यातल्या नाहीत. सातारच्या बाजूने लग्न होऊन त्या या घरात आल्या, तेव्हा त्यांना ठाऊक होता तो हस्त नक्षत्रावर पाटावर हत्ती काढून फेर धरायचा भोंडला. संजा त्या शेजारणीकडून शिकल्या. गाणी झाल्यावर झाकलेल्या डब्यात कोणता प्रसाद आहे ते मुलींनी ओळखायचे, ही रीत भोंडल्याच्या खिरापतीसारखीच पाहून आपल्याला येथे परके वाटले नाही, असे त्यांनी आम्हाला सांगितले. त्या बोलत असताना त्यांच्या महेश्वरी साडीच्या काठावर कॅमेरा थांबला आहे, तो मुद्दाम. अहिल्याबाई होळकरांच्या काळात नर्मदाकाठी महेश्वरला विणकर वसवले गेले, आणि त्यांच्या किनारींना आजही वीट, चटई, लहर अशी नावे आहेत. किल्ल्याची भिंत, घरातली बसायची चटई आणि घाटावर येणारी लाट, असे रोज दिसणारे जग त्या विणकरांनी काठात उतरवले.

[दृश्य : माडीवरची खोली. तानपुरा. उघडी वही.]

आपण ऐकत आहात तो आवाज माडीवरून येतो. आजींचा नातू कॉलेजातून आला की तासभर रियाझ करतो, आणि खाली मुलींची गाणी सुरू झाली तरी तो थांबत नाही. त्याच्या वहीत पहिल्या पानावर तीन सुरांचे सहा क्रम लिहिलेले आहेत : सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. तीन सुरांना यापलीकडे सातवा क्रम नाही. चौथा सूर मिळवला की सहाचे 24 होतात, पाच सुरांचे 120, सहांचे 720 आणि सातही सुरांचे 5040. या पद्धतीला मेरुखंड म्हणतात. इंदूरमध्ये वाढलेल्या उस्ताद अमीर खाँसाहेबांनी (1912–1974) आपले वडील, सारंगीवादक शाहमीर खाँ यांच्याकडून तिची तालीम घेतली, आणि पुढे झूमरा तालात, अतिविलंबित म्हणजे अतिशय संथ लयीत एकेक सूर सावकाश उलगडत नेणारी त्यांची जी गायकी देशाला माहीत झाली तिच्या मुळाशी ही मांडणी होती. ज्या गाण्याला श्रोते ध्यान म्हणतात, त्याच्या मागे वर्षानुवर्षे रोज गिरवलेले असे क्रम आहेत. नातवाच्या वहीत चार सुरांच्या पानावर 24 पैकी 17 क्रमांपुढे पेन्सिलीने खूण केलेली दिसते. उरलेले सात अजून गळ्यात बसले नाहीत, असे तो म्हणाला.

खाली ओसरीवर मुली म्हणत आहेत ती संजाची गाणीही चार-पाच सुरांच्या पलीकडे जात नाहीत. ही दोन्ही गाणी एका घरात, एका वेळी, एकमेकांवर पडत असलेली ऐकली आणि आम्हाला देवासला जायचे ठरवावे लागले.

[दृश्य : देवासची टेकडी, सकाळ. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका.]

देवास इंदूरहून तासाभराच्या अंतरावर आहे. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे 1924 साली जन्मलेले पंडित कुमार गंधर्व क्षयाच्या आजारामुळे माळव्याच्या कोरड्या हवेसाठी 1948 साली येथे राहायला आले, आणि पुढची काही वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. बालवयात मैफली गाजवलेल्या गायकाला अंथरुणावर पडून फक्त ऐकता येत होते. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचे, सणाच्या बायकांचे, फिरत्या गायकांचे जे काही कानावर येई ते त्यांनी ऐकले. रागाला किमान पाच सूर लागतात असा संकेत आहे आणि लोकधुनेचा जीव त्याहून लहान असतो. पण त्या तीन-चार सुरांच्या धुनेत कोणता राग बीजरूपाने आहे हे त्यांना ऐकू आले, आणि त्यातून त्यांनी जे राग उभे केले त्यांना त्यांनी धुनउगम राग म्हटले. पुढे माळव्याची लोकगीते त्यांनी मैफलीच्या मंचावरही आणली. टेकडीखालच्या या रस्त्यावर आम्ही सकाळी सहापासून दहापर्यंत ध्वनिमुद्रण केले. त्यात हातगाड्या आहेत, देवीच्या पायऱ्या चढणाऱ्या बायकांची गाणी आहेत, एक भोंगा आहे. आम्ही त्यातले काहीही वगळलेले नाही.

[निवेदन थांबते. रस्त्याचा आवाज अर्धा मिनिट तसाच राहू द्यावा.]

[दृश्य : पुन्हा अंगण. धाकटीच्या हातात वाळलेले पान.]

हे पान पिंपळाचे आहे. धाकटीने ते उलटे धरले आहे, आणि देठाची शेपटी करून ती त्याला मासा म्हणत आहे. कोणी तसे करायला सांगितलेले नाही. इंदूरमध्ये हे पाहताना विष्णू चिंचाळकर यांची आठवण अटळ आहे. 1927 साली दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांनी या शहरात चित्रकलेची शाळा उभी केली. नारायण श्रीधर बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन येथेच शिकले, आणि चिंचाळकर हेही त्याच शाळेचे विद्यार्थी. रीतसर शिक्षण घेतलेल्या या चित्रकाराने पुढे वाळकी पाने, झाडांच्या साली, मुळ्या, काटक्या, फेकलेल्या वस्तू हेच आपले साहित्य मानले. सालीच्या तुकड्यात त्यांना चेहरा दिसे, मुळीत पक्षी दिसे, आणि तो इतरांनाही दिसावा एवढ्यापुरताच त्यांचा हात त्या वस्तूला लागे. अक्षरे आणि अंक यांतूनही त्यांनी मुलांसाठी चित्रे काढली. सारे शहर त्यांना गुरुजी म्हणत असे. 2000 साली ते गेले.

मुलांच्या हातात तयार रंगवही देण्याआधी त्यांना एक वाळके पान द्यावे आणि त्यांच्याजवळ थोडा वेळ काही न बोलता बसावे, असे आम्हाला मनापासून वाटते. धाकटीच्या माशाला नंतर डोळा मिळाला, तो एका बोराच्या बीचा.

[दृश्य : नवमीची संध्याकाळ. भिंतीवर डोकरा-डोकरी.]

नवमीची आकृती या सोळा दिवसांत सर्वांत कमी वेळात होते, असे आम्हाला आधी सांगण्यात आले होते. दोन माणसे, दोन काठ्या, एवढेच काम. प्रत्यक्षात त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मुली भिंतीजवळ होत्या. मोठीने म्हातारीला चष्मा हवा असे ठरवले, आणि फुटलेल्या हिरव्या बांगडीचे दोन अर्धगोल तुकडे शोधून ते ओल्या शेणात बसवले. मग म्हाताऱ्याला काय द्यायचे, यावर बराच वेळ गेला. शेवटी ती आत गेली आणि देवघराशेजारच्या खुंटीवरची काळी टोपी नीट पाहून परत आली. तव्याच्या काजळीत बोट बुडवून तिने भिंतीवर टोपी रंगवली, मागच्या बाजूला किंचित कललेली. आजी दारात उभ्या आहेत.

[निवेदन थांबते. आजींचे दृश्य पूर्ण होईपर्यंत संगीत नको.]

या गल्लीत एके काळी बहुतेक दारांशेजारी संजा असे. आता घरांच्या जागी इमारती झाल्या, शेण शहराबाहेरून आणावे लागते, पुष्कळ दारांवर बाजारात मिळणारा छापील कागद चिकटवला जातो, आणि मांडलेली भिंत ही एकच उरली आहे.

[दृश्य : किलाकोट. चार हात एकाच वेळी काम करताना.]

किलाकोटाला दोन दिवस लागतात. आधी बाहेरचा चौकोनी तट, मग चार कोपऱ्यांचे बुरूज, मग आत येण्याची वाट. ही वाट आधी सोडली नाही तर आतले सारे कोंडून राहते, असे मोठी धाकटीला सांगताना ऐकू येते. आतल्या जागेत गेल्या पंधरवड्यातील बरेच काही परत येते, चौपट, साथिया, फूल, आणि शिवाय सूर्य, चंद्र, पालखी, निसरणी. जागा संपत आली तेव्हा धाकटीने आपला मासाही एका बुरुजापाशी दाबून बसवला. किलाकोटात मासा नसतो, असे शेजारची मुलगी म्हणाली. मोठीने भिंतीकडे पाहिले, चार वळ्या हातात घेतल्या आणि माशाभोवती तळे केले.

सर्वपित्री अमावास्येला संध्याकाळी दिवा लावून गाणी झाली, डबा हलवून प्रसाद ओळखण्यात आला. तो भाजलेल्या शेंगदाण्यांचा आणि गुळाचा होता, आणि तो माडीवरून उतरून आलेल्या नातवाने ओळखला. मग खुरप्याने किलाकोट उतरवून घमेल्यात घेतला गेला. पूर्वी तो नदीत सोडत. आता अंगणातच घमेल्यात पाणी ओतून ते शेण मुली हाताने विरघळवतात, आणि ते पाणी गुलबक्षीच्या मुळाशी घालतात.

[दृश्य : दुसऱ्या दिवशीची सकाळ. रिकामी भिंत, त्यावर चौकोनी डाग.]

सकाळी आजींनी माळ्यावरून भोंडल्याचा पाट काढून पुसायला ठेवला. हस्त नक्षत्र लागायला अजून अवकाश आहे, पण पाट एका पायावर डुगडुगतो आणि तो आधी ठोकून घ्यावा लागेल. यंदा हत्ती तांदळाने काढायचा की खडूने, असे त्यांनी विचारले. तांदळाने, असे मोठी म्हणाली. डोळा कशाचा, असे धाकटीने विचारले, तेव्हा मोठीने आपला कंपास उघडला. पेन्सिलीच्या टोकांखाली, कागदाच्या पुडीत, नवमीच्या चष्म्याचे दोन हिरवे तुकडे आहेत.