हेडलाइटला झालेली कावीळ

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी कार्तिकी झाल्यावर आम्ही पंढरपूरहून मोहोळमार्गे सोलापूरला येत होतो, रात्रीचे साडेनऊ-दहा वाजले असतील, आणि तुम्हाला माहितीये त्या दिवसांत आपल्याकडच्या रस्त्यांवर काय असतं, ऊस. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि असला तरी उसाची टोकं लोंबून त्यावर पडदा. अशी एक ट्रॉली मला दिसली तेव्हा ती इतकी जवळ होती की ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. शेजारून बायको म्हणाली, "अहो, लाईट लावलीय ना?" लावली होती हो! तीपण अप्पर!

सकाळी गाडीसमोर उकिडवा बसलो आणि नीट बघितलं तर दोन्ही डोळ्यांना कावीळ झालेली. पिवळे, धुरकट, आतला बल्बसुद्धा दिसेना. इतके दिवस रोज बघत होतो पण लक्षातच आलं नव्हतं, हळूहळू होतं ना ते, केस पांढरे व्हावेत तसं.

आता आपण म्हणतो हेडलाइटची काच, पण ती काच नसतेच. जुन्या अँबॅसिडर, पद्मिनीला खरी काच होती, ती फुटायची पण पिवळी पडायची नाही. आताच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट असतं, म्हणजे प्लास्टिक. हलकं, दणकट, दगड लागला तरी सहसा फुटत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढं ते टिकत नाही, म्हणून कंपनी त्याच्यावर एक पातळ पारदर्शक कोटिंग देते. ते कोटिंग काही वर्षांनी उन्हानं मरतं, कुठं उडतं, कुठं चिकटून राहतं, मग खालचं प्लास्टिक उघडं पडून पिवळं व्हायला लागतं. आणि ऊन म्हणाल तर एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं, सोलापूरकराला मी काय सांगू. गंमत म्हणजे माझा डावा हेडलाइट उजव्यापेक्षा जास्त पिवळा होता. का, तर गाडी रोज एकाच जागी, तोंड पश्चिमेला, उजव्या बाजूवर शेजारच्या भिंतीची सावली पडते आणि डावा बिचारा संध्याकाळपर्यंत भाजत असतो.

मग सुरू झाले माझे प्रयोग. पहिला टूथपेस्ट. सगळेच सांगतात, मोबाईलवर व्हिडिओ तर ढीगभर. घासलं, चमकलं, मी खूष, फोटो काढून भावाला पाठवला. दोन महिन्यांत परत तेच, उलट जास्तच. कारण टूथपेस्टमध्ये बारीक खरखरीत पावडर असते, ती वरचा थोडा पिवळेपणा खरवडते, बाकी काही नाही, संरक्षण शून्य. दुसरा उपाय एकानं सांगितला तो डास पळवायच्या, म्हणजे अंगाला लावायच्या लोशनचा. त्यातलं रसायन प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं म्हणून क्षणभर लख्ख दिसतं, पण नंतर बारीक तडे जाऊ शकतात. थिनर, पेट्रोलचंही तसंच, ते तर लांबच ठेवा. आणि काहीजण काय करतात, जास्त वॅटचा बल्ब टाकतात. साधारण साठ-पंचावन्न वॅटच्या जागी शंभर-नव्वदचा. मंडळी, पिवळ्या प्लास्टिकमधून उजेड पसरतो, पुढं रस्त्यावर नीट जात नाही, समोरच्याचे डोळे मात्र दिपतात, आणि आतला चंदेरी रिफ्लेक्टर उष्णतेनं करपतो तो वेगळाच.

खरा इलाज म्हणजे घासून तो मेलेला थर सगळा काढायचा. त्याआधी एक बघा, धुरकटपणा बाहेरून आहे की आतून. आत पाण्याचे थेंब, वाफ दिसत असेल तर ते सील गेलंय, बाहेरून कितीही घासा काही होणार नाही. बाहेरून असेल तर हार्डवेअर किंवा रंगाच्या दुकानातून वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर आणा, एक हजार, पंधराशे, दोन हजार, मिळाला तर तीन हजार. नंबर जेवढा मोठा तेवढा कागद बारीक. कोटिंग पापुद्र्यासारखं उडत असेल तर सुरुवात आठशेनं करावी लागते. कागद पंधरा मिनिटं पाण्यात भिजत ठेवा, थोडा साबण टाका पाण्यात. आणि आजूबाजूला बॉनेट, बंपरला मास्किंग टेप, एक नाही दोन-तीन थर, हे मी का सांगतोय ते शेवटी कळेल.

घासायला बसलो तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत हळदीच्या दुधासारखं पाणी खाली ओघळायला लागलं. ते पिवळं पाणी म्हणजे तो मेलेला थर बघा. पाणी पांढरं होईपर्यंत थांबायचं नाही, कारण मध्येच कुठं जुनं कोटिंग राहिलं तर नंतर डाग दिसतात. पण तोपर्यंत हेडलाइट होतो पांढराफट्टक, मोतीबिंदू झाल्यासारखा! शेजारचे काका येऊन उभे, "काय करलालास बे हे, होतं तेपण घालवलास." माझ्यापण पोटात गोळा आला होता खरं सांगतो. पण घाबरायचं नाही. पुढचा बारीक कागद घ्यायचा आणि दिशा बदलायची, आधी आडवं घासलं असेल तर आता उभं, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या का राहिल्या ते दिसतं. कागद बदलताना बादलीतलं पाणीपण बदला, जुन्या कागदाचा एक कण राहिला तरी नवी रेघ पडते. एका हेडलाइटला माझा तासभर गेला, घाई करण्यात अर्थ नाही.

इथं एक युक्ती. घासून झालं की त्याच्यावर नुसतं पाणी टाका. ओला असताना आरपार स्वच्छ दिसला तर काम जमलं, कारण वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर बसला की तो तसाच दिसणार. ओला असूनही पिवळा दिसत असेल तर परत कागद हातात घ्या.

इथंच बरेचजण फसतात. तीन हजारपर्यंत घासतात, रबिंग कंपाउंडनं, म्हणजे बारीक घासणाऱ्या पेस्टनं पॉलिश करतात, नव्यासारखा चमकतो, आणि सोडून देतात. अहो, जुनं कोटिंग तर आपण स्वतःच्या हातानं काढलंय, आता ते प्लास्टिक उघडं आहे, पहिल्यापेक्षा लवकर पिवळं पडणार. वर काहीतरी अतिनील किरण अडवणारं पाहिजेच. पुसून लावायचं सीलंट मिळतं, ते सोपं पण काही महिन्यांनी परत लावावं लागतं. जास्त टिकतो तो हार्डनर, म्हणजे कोट कडक करणारं रसायन मिसळून मारायचा क्लिअर कोट, यूव्हीवाला, म्हणजे अतिनील किरण अडवणारा मागून घ्यायचा. तो मारायचा असेल तर मात्र कंपाउंड लावू नका आणि पंधराशेच्या आसपास थांबा, फार गुळगुळीत आणि तेलकट जागेवर कोट धरत नाही. पण त्या हार्डनरचा फवारा फुफ्फुसाला वाईट, कापडी मास्कनं भागत नाही, म्हणून घासणं घरी आणि फवारणी पेंटरकडं हा माझा निर्णय. सकाळी लवकर गेलो, दुपारच्या उन्हात प्लास्टिक तापलेलं असतं, कोट नीट पसरत नाही आणि आपल्याकडची धूळ तर विचारूच नका.

पेंटरनं स्पिरिटनं पुसून दोन पातळ हात मारले, पांढरा हेडलाइट माझ्या डोळ्यासमोर पारदर्शक झाला, बल्ब दिसला, त्याच्यावरचे आकडेपण दिसले. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "घासलाव चांगलं, पण टेप एकच थर लावलाव का ओ?" आणि बॉनेटच्या कडेवर बोट ठेवलं. तिथं चार बोटं लांब रंग गेलाय, खालचा प्रायमर दिसतोय, आणि अजून तो तसाच आहे.

बाकी गाडी आता मी पूर्वेला तोंड करून लावतो, आणि त्या काकांनी परवा दुकानातून वॉटर पेपर आणलेत, रविवारी बसणार आहेत.