पहिला शब्द आधी वाचा

नमस्कार, श्रोतेहो.

रिपोर्टवर ‘मेसोथेलियोमा’ दिसलं की घराचा धीर सुटतो. मोबाईलवर शोधावं, तर ॲस्बेस्टॉस आणि कर्करोग. पण आजच्या आजाराचं पूर्ण नाव आहे ‘बिनाइन मल्टिसिस्टिक पेरिटोनियल मेसोथेलियोमा’. बिनाइन, म्हणजे कर्करोग नसलेला. याचा ॲस्बेस्टॉसशी संबंध सापडलेला नाही. पहिला शब्द आधी वाचा. (असली नावं ठेवणाऱ्यांनी ती एकदा पेशंटसमोर मोठ्यानं वाचून दाखवावीत, असं मला फार वाटतं.)

पोटाच्या अस्तराला, पेरिटोनियमला, पाण्याच्या गाठी लागतात, द्राक्षाच्या घडासारख्या. भिंत इतकी पातळ की आतलं पाणी आरपार दिसावं. बहुधा ओटीपोटात, बहुधा पाळी चालू असलेल्या वयातल्या बायकांना. आधी पोटाचं ऑपरेशन, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं) किंवा ओटीपोटातला संसर्ग झालेला असतो, पण नेहमीच नाही. दुखतं, पोट फुगतं, कधी काहीच जाणवत नाही. सोनोग्राफीत ती अंडाशयाचीच गाठ वाटू शकते.

आता १९७९ सालची गोष्ट. मेनेमेयर आणि स्मिथ या डॉक्टरांपुढे अशाच गाठी होत्या. दिसायला थेट लिम्फॅन्जिओमा, म्हणजे लसवाहिन्यांची, शरीरातला लिम्फ नावाचा द्रव वाहणाऱ्या नळ्यांची, गाठ. साध्या मायक्रोस्कोपखाली दोन्हींत तेच: पाण्याची पोकळी आणि कडेला चपट्या पेशींची एक ओळ. फरक करायचा कसा? त्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लावला आणि पेशी ओळखल्या गेल्या. अस्तराच्या पेशीवर लांब, बारीक केसांसारखे तंतू असतात, मायक्रोव्हिलाय. लसवाहिनीच्या पेशीवर तसलं रान नसतं. म्हणजे गाठ लसवाहिनीची नव्हे, अस्तराचीच! लिम्फॅन्जिओमासारखं रूप घेतलेली ही केस त्यांनी छापली आणि आजाराला वेगळी ओळख मिळाली.

हेच काम आज पेशीतलं ठरावीक प्रथिन ओळखून रंगवणाऱ्या चाचण्या करतात. कॅलरेटिनिननं अस्तराच्या पेशी रंगतात, लसवाहिनीच्या नाहीत. सीडी३१चं उलटं. मात्र डी२-४० एकटं करून थांबलात तर फसाल, त्यानं दोन्ही रंगतात. एकट्या डी२-४०वर निदान नको, पुन्हा सांगतो.

उपचार म्हणजे ऑपरेशन. घड भिंतीसकट, शक्य तितका पूर्ण काढायचा. नुसतं सुईनं पाणी काढलं तर आराम पडतो, पण पाणी झिरपवणाऱ्या पेशी भिंतीवर तशाच राहतात. सुईनं काढलेलं पाणी पुन्हा भरतं. ऑपरेशननंतरही गाठी परतणं नवल नाही, काही वेळा वर्षांनी. फार पसरलेल्या किंवा वारंवार येणाऱ्या गाठींत काही केंद्रांत गाठी काढून पोटात गरम केमोथेरपी फिरवतात. कर्करोग नसलेल्या आजाराला एवढं कशाला, यावर डॉक्टरांतही वाद आहे. मला विचाराल तर पहिल्याच खेपेला तिची घाई नको.

गाठ परत आलीच, तर नव्या डॉक्टरांकडे नुसता कागद नेऊ नका. जुन्या लॅबमधून स्लाइड आणि मेणातला ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, मागून घ्या. नवे रंग त्या ब्लॉकमधूनच कापलेल्या पापुद्र्यावर करता येतात.