आधी झाकण उघडा

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विषय गळक्या फ्लश टँकचा असूनही तुम्ही एवढे जण आलात, बरं वाटलं. टँकचं झाकण शेवटचं कधी उघडलं होतं, आठवतंय? हात वर करा. चार-पाचच! म्हणूनच बोलायचंय.

नळ गळला की टपटप ऐकू येते, झोप उडते, आपण हालचाल करतो. टँक आतल्या आत गळतो. कमोडच्या मागच्या बाजूने पाण्याचा पातळ ओघळ उतरत राहतो, फरशी कोरडीच. दहा मिनिटांत एक लिटर गेलं, तर दिवसाला 144 लिटर होतात.

माझ्या ताईकडे हेच चाललं होतं. प्लंबर आला, दोनदा फ्लश दाबला आणि म्हणाला, "पूर्ण टँक बदला, याचे पार्ट मिळत नाहीत." झाकणाला हातही लावला नाही! कष्टाचे पैसे मागावेत, द्यावेत. पण न बघता निदान? याचा मला मनापासून राग येतो. मी झाकण काढलं, आत हात घातला आणि मधला फ्लश व्हॉल्व्ह, म्हणजे कमोडमध्ये पाणी सोडणारी झडप, वरून दाबून धरला. ताई कमोडमध्ये टॉर्च मारून उभी होती. ओघळ थांबला. हात सोडला, पुन्हा सुरू. खालचा रबरी वॉशर काढला, तर कड ताठ झालेली, एका बाजूला क्षारांचा पांढरा थर. नखाने खरवडला तेव्हा खाली बारीक चीर दिसली. गळती एवढ्याशा चिरेतून! वॉशर बदलला, टँक तोच आहे.

या यंत्राला केवढा इतिहास आहे बघा. इंग्लंडमध्ये जॉन हॅरिंग्टन यांनी 1596 साली फ्लशच्या शौचकूपाचं वर्णन छापलं. 1775 मध्ये अलेक्झांडर कमिंग यांनी पेटंट घेतलं, त्यात भांड्याखालची वाकडी नळी होती. तिच्यात पाणी अडून राहतं म्हणून गटाराचा वास घरात येत नाही. यावर मी तासभर बोलेन, पण... हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं.

तर दुरुस्ती. रात्री अँगल कॉक, म्हणजे टँकला येणाऱ्या पाण्याचा छोटा नळ, बंद करा आणि टँकच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलची खूण करा. सकाळपर्यंत फ्लश करू नका. सकाळी पाणी खाली गेलं असेल तर दोष खालच्या वॉशरचा. खुणेवरच असेल तर दोष बॉलकॉकचा, म्हणजे टँक भरला की येणारं पाणी बंद करणाऱ्या झडपेचा: तो वेळेवर बंद होत नाही आणि जादा पाणी टँकमधल्या उभ्या ओव्हरफ्लो पाइपातून कमोडमध्ये जातं. बॉलकॉकचा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, थोडा खाली घ्या. पाणी पाइपच्या तोंडाखाली साधारण इंचभर थांबलं पाहिजे. तरीही थांबत नसेल तर बॉलकॉकमधला कचरा काढा, त्याचाही वॉशर बघा.

खालचा वॉशर बदलताना कॉक बंद, टँक रिकामा. वॉशर बसतो ती कड मऊ कापडाने पुसा. सँडपेपर नको, चरा पडला की नवा वॉशरही गळेल. क्षार व्हिनेगरने सुटतात. दुकानात जुना वॉशर सोबत न्या, मापं सारखी नसतात. टँकमध्ये क्लोरीनच्या गोळ्या टाकू नका, रबर लवकर खराब होतं.

आणि अँगल कॉक अधूनमधून फिरवत जा. वर्षानुवर्षं न हललेला कॉक नेमका गरजेच्या वेळी जाम होतो. आता प्रश्न विचारा, मी बाहेर पायरीवर थांबतो.