तळावरचे टाळ

फलटणच्या विमानतळाच्या मैदानावर दिवस कलतो, ज्ञानेश्वर माउलींची पालखी तळावर येते आणि तिच्याभोवती दिंड्या आपापल्या क्रमाने गोलाकार उभ्या राहतात. शेकडो टाळ एकाच वेळी वाजत असल्यामुळे खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. मग चोपदार हातातील दंड उंचावतात, एक लांबलचक ‘होऽऽ’ उमटतो आणि तो सारा घोष जागच्या जागी थांबतो.

एका कडेला मात्र एका दिंडीचे टाळ अजून वाजत आहेत, आणि ते चुकून वाजत नाहीत. समाज आरतीच्या वेळी ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने टाळ वाजवत राहावे, चोपदारांनी तिच्याजवळ जाऊन म्हणणे ऐकून घ्यावे आणि त्याचा निवाडा व्हावा, मगच आरती, अशी येथील रीत आहे. आजची तक्रार वाटेत दुसऱ्या दिंडीचे लोक रांगेत शिरल्याची आहे. तक्रार सांगणाऱ्यांचा आवाज चढलेला आहे. चोपदार कान पुढे करून ऐकतात, मध्ये बोलत नाहीत. थोड्या वेळाने टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या निघण्याची वेळ सांगितली जाते आणि आरती सुरू होते.

या सोहळ्याला आजचे रूप हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात दिले. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते, आणि दिंड्यांचे क्रमांक, चोपदार, तळ यांत ती लष्करी शिस्त आजही दिसते. फौजेत वावरलेल्या माणसाच्या सोहळ्यात सामान्य वारकऱ्याच्या कुरबुरीसाठी आरती खोळंबते, याचे आम्हाला चित्रीकरणाच्या प्रत्येक संध्याकाळी नवल वाटत राहिले.

आता पडद्यावर दिसतो तो याच दिंडीचा व्हॉट्सअ‍ॅप समूह. सदस्यांची नावे आणि क्रमांक आम्ही झाकले आहेत. वर्षभर येथे सकाळी अभंग, दुपारी कीर्तनाची निमंत्रणे आणि रात्री कोणाच्या तरी घरच्या दुःखद वार्ता येतात. हिवाळ्यातील एका रात्री एका सदस्याने दिनदर्शिकेच्या पानाचे छायाचित्र पाठवले. त्यात स्मार्त एकादशीची तारीख होती. दशमीचा वेध असेल, म्हणजे पहाटे दशमी उरलेली असेल, तर वारकऱ्यांचा भागवत संप्रदाय दुसऱ्या दिवशीची एकादशी धरतो, एवढे सांगून हा विषय दोन ओळींत मिटला असता. उत्तर आले ते असे: ‘माउली, माळ घातली म्हणजे कळते असे नाही, आधी अभ्यास करा.’ यानंतरचा जवळजवळ प्रत्येक टोमणा ‘माउली’ याच शब्दाने सुरू होतो. वारीत ज्या हाकेने अनोळखी माणसाला वाट मागतात, पाणी विचारतात, ती हाक येथे चिमटा काढण्यासाठी वापरलेली दिसते. एकाने दुसऱ्याची जात काढली, तो संदेश नंतर पुसला गेला; पुसल्याची खूण तेवढी राहिली आहे.

मध्यरात्रीच्या सुमारास अ‍ॅडमिनने समूहाची मांडणी बदलली, आणि तेव्हापासून येथे फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतात. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच म्हटले होते; पण अ‍ॅडमिनच्या मनातली धास्ती त्याने गेली नसावी. शांतता येथेही झाली, फक्त टाळ वाजवत राहण्याची सोय उरली नाही. त्या रात्रीनंतर काही सदस्य बाहेर पडले आणि दोघांनी यंदा दुसऱ्या दिंडीतून चालायचे ठरवले.

फलटण सोडल्यानंतरची सकाळ. रस्ता ओला आहे, दिंडी चालते आहे आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाण्याची वेळ झाली आहे. वीणा देणारे ते छायाचित्र पाठवणारे गृहस्थ. घेणारे, त्यांना अभ्यास करण्यास सांगणारे. वीणा देता-घेताना एकमेकांच्या पाया पडण्याचा नेम आहे. आधी एक वाकतात, मग दुसरे.

<निवेदन येथे थांबते. पुढे फक्त टाळ आणि पावलांचा आवाज.>