टी-३८ टॅलन: शेवटच्या वळणाचं गणित

[दृश्य: पुढच्या कॉकपिटमधून दिसणारी धावपट्टी. दोन्ही थ्रॉटल मागे.]

नॉर्थ्रॉपचं टी-३८ टॅलन १० एप्रिल १९५९ रोजी पहिल्यांदा आकाशात गेलं आणि १९६१ पासून अमेरिकी हवाई दलाचे लढाऊ वैमानिक त्यावर घडत आले आहेत. दोन आसनं, दोन जे-८५ इंजिनं, आफ्टरबर्नर (एक्झॉस्टमध्ये जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) आणि आवाजापेक्षा जास्त वेग. १९६२ मध्ये या विमानाने १२,००० मीटरची उंची ९६ सेकंदांच्या आत गाठली होती. नासाचे अंतराळवीरही सरावासाठी हेच विमान वापरतात.

सिम्युलेटरमध्ये टी-३८ घेणाऱ्यांना वर जायला फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो उतरताना आणि त्यातही धावपट्टीकडे वळणाऱ्या शेवटच्या अर्धवर्तुळात, म्हणजे फायनल टर्नमध्ये. हे निवेदन बहुतांशी त्याच अर्ध्या मिनिटाबद्दल आहे.

[दृश्य: विमान वरून. पंखांवर कॅमेरा स्थिर.]

आधी पंख नीट बघा. टोकापासून टोकापर्यंत जेमतेम ७.७ मीटर. जाडी रुंदीच्या ४.८ टक्के, म्हणजे जवळजवळ पात्यासारखा. पुढच्या कडेला स्लॅट (कमी वेगात पंखाला मदत करणाऱ्या सरकत्या पट्ट्या) नाहीत, फ्लॅप (उतरताना खाली वळणारे भाग) फक्त मागे. टाक्या भरल्यावर सुमारे साडेपाच टनांचं विमान या एवढ्याशा पंखावर तोलायचं असतं. म्हणून टी-३८ वेगावर जगतं. वेग उतरला की पंखाला जास्त कोनात हवा घ्यावी लागते, कोन वाढला की ओढ झपाट्याने वाढते, आणि ओढीने वेग आणखी उतरतो. हे चक्र एकदा सुरू झालं की बाहेर पडायला उंची लागते, आणि फायनल टर्नमध्ये नेमकी तीच नसते.

आता तुमच्या टेबलावरचं सामान. टी-३८चे कंट्रोल पूर्णपणे हायड्रॉलिक आहेत. खऱ्या विमानातही स्टिकवर जाणवणारा जोर हवेचा नसतो, तो मुद्दाम बसवलेल्या स्प्रिंग आणि वजनांचा असतो. त्यामुळे स्प्रिंगवाली साधी जॉयस्टिक इथे फार मोठी अडचण होत नाही. रोल मात्र अतिशय चपळ आहे. रोलच्या अक्षाला थोडा वक्र द्या, म्हणजे मधल्या भागात स्टिक मऊ राहील. पिचला वक्र कमीच ठेवा, नाहीतर फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, आधी काहीच होत नाही आणि मग एकदम नाक उचलतं. थ्रॉटलचे दोन अक्ष वेगळे जोडा. मिलिटरी पॉवर (आफ्टरबर्नरविना पूर्ण जोर) कुठे संपते आणि आफ्टरबर्नर कुठे सुरू होतो ती जागा बोटाला कळेल अशी खूण थ्रॉटलवर करा. नोजव्हील स्टिअरिंगचं बटण स्टिकवरच हवं.

खऱ्या वैमानिकाला मिळणारी आणि तुम्हाला न मिळणारी गोष्ट म्हणजे बफेट, पंखावरची हवा सुटू लागली की सबंध विमानात येणारी थरथर. त्याला ती आसनातून, पाठीतून कळते. तुमच्याकडे त्यासाठी कान आहेत आणि डोळे. सेटिंगमध्ये जाऊन इंजिनाचा आवाज खाली आणा, हवेचा आणि बफेटचा वर न्या. कॅमेऱ्याची थरथर सुरू ठेवा. चित्र स्थिर दिसावं म्हणून ती बंद करणं ही टी-३८ शिकतानाची सर्वांत महागडी सोय आहे.

[दृश्य: इंजिनाचे गेज जवळून.]

इंजिन सुरू करण्यात फार वेळ घालवायचं कारण नाही. विमानाला स्वतःचा स्टार्टर नाही, दाबाची हवा बाहेरच्या गाडीतून येते. आधी उजवं इंजिन, मग डावं. आरपीएम १४ टक्क्यांवर गेले की स्टार्ट बटण दाबा आणि थ्रॉटल आयडलला आणा. त्याआधी इंधन सोडलं तर हवा कमी आणि ज्वाळा जास्त होते, आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा मर्यादेपलीकडे धावतो. तसं दिसलं तर क्षणभरही न थांबता थ्रॉटल कट-ऑफला न्या.

टेकऑफला साधारण १३५ नॉटला स्टिक हळूच मागे घ्या आणि नाक सुमारे सात अंशांवर धरा. विमान स्वतःच जमीन सोडेल. इथे घाई वेगळ्या कारणाने होते. चाकांची मर्यादा २४० नॉट आहे आणि आफ्टरबर्नरमध्ये ती काही सेकंदांत गाठली जाते. वर चढतोय असं दिसलं की लगेच चाकं, मग फ्लॅप. नाक खाली ठेवून चाकं आत जायची वाट बघत बसलात तर मर्यादा ओलांडलीच समजा.

इंधनाबद्दल एक गोष्ट पक्की करून ठेवा, कारण उतरतानाचे सगळे आकडे तिच्यावर उभे आहेत. टाक्यांमध्ये साधारण ३,९०० पौंड इंधन मावतं, डाव्या आणि उजव्या अशा दोन स्वतंत्र व्यवस्थांत. एक पुढच्या बाजूला, दुसरी मागच्या. दोन्हींत फरक पडला की विमानाचा तोल पुढे-मागे सरकतो. फरक २०० पौंडांच्या आत ठेवा. तो वाढला तर क्रॉसफीड, म्हणजे दोन्ही व्यवस्था जोडणारी झडप, उघडा आणि ज्या बाजूला इंधन कमी आहे तिचा बूस्ट पंप बंद करा. आकडे सारखे झाले की पंप आधी चालू करा, मग क्रॉसफीड बंद. हे विसरलं की भरलेली बाजू रिकामी होऊ लागते, आणि ध्यानात येतं ते बहुधा पॅटर्नमध्ये, म्हणजे उतरण्याआधीच्या धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, हात आधीच भरलेले असताना.

[दृश्य: १५,००० फूट उंची. चाकं खाली, फ्लॅप पूर्ण. अँगल ऑफ अटॅकचा गेज जवळून.]

धावपट्टीकडे येण्याआधी वर, भरपूर उंचीवर, एक सराव करा. चाकं खाली, फ्लॅप पूर्ण, ४५ अंश बँकचं (पंखांच्या कलाचं) वळण. स्टिक हळूहळू मागे ओढत राहा आणि अँगल ऑफ अटॅकचा, म्हणजे पंखाला हवा लागते त्या कोनाचा, काटा बघा. ०.६ ही तुमची जागा. इंडेक्सरमध्ये, म्हणजे तोच कोन दिव्यांनी दाखवणाऱ्या उपकरणात, तेव्हा मधलं हिरवं वर्तुळ पेटलेलं असतं आणि बफेटची हलकीशी गुदगुली ऐकू येते. वरचं लाल चिन्ह पेटलं तर विमान हळू आहे, खालचं पिवळं पेटलं तर जास्त वेगात आहे. आणखी ओढा. बफेट जड होईल, पंख डावी-उजवीकडे डुलू लागतील, काटा १.०कडे सरकेल.

आता नाकाकडे नीट बघा. ते खाली पडत नाही. प्रोपेलरच्या सराव विमानात स्टॉल झाला, म्हणजे पंखाची उचल तुटली, की नाक झुकतं आणि काय झालं ते सांगतं. टी-३८ नाक वर ठेवूनच खाली जातं, मिनिटाला हजारो फुटांच्या वेगाने. समोरच्या काचेतलं चित्र जवळपास तेच राहतं, बदलतो फक्त व्हर्टिकल स्पीडचा काटा. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला फसवणारी याहून मोठी गोष्ट या विमानात नाही.

सुटकेचा क्रम असा: स्टिक पुढे सोडा, दोन्ही थ्रॉटल आफ्टरबर्नरला न्या, पंख समतल करा. पहिली गोष्ट पहिलीच हवी. कोन कमी न करता नुसता आफ्टरबर्नर लावला तर तो पेटून जोर धरेपर्यंत विमान शेकडो फूट खाली गेलेलं असतं. किती उंची गेली ते दर वेळी वहीत लिहा. तो आकडा फायनल टर्नच्या उंचीशेजारी ठेवला की पुढचं सगळं आपोआप गंभीर होतं.

[दृश्य: पॅटर्नचा आराखडा. धावपट्टी, डाउनविंड, अर्धवर्तुळ.]

आता आकडे. इंधन १,००० पौंड असेल तर फायनल टर्नला १७५ नॉट, फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत सरळ उतरताना, १५५, टेकताना १३०. त्यावरच्या प्रत्येक १०० पौंडांना तिन्हींत एक नॉट मिळवायचा. म्हणजे २,००० पौंड असतील तर १८५, १६५ आणि १४०. हा हिशेब डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, वळण्याआधी, मोठ्याने म्हणा.

डाउनविंड धावपट्टीपासून १,५०० फूट उंचीवर. २४० नॉटच्या खाली आलात की चाकं, फ्लॅप ६० टक्के, आणि वळताना पूर्ण. तीन हिरवे दिवे बघितल्याशिवाय वळू नका.

डाउनविंड धावपट्टीपासून किती लांब असावा, यावर सगळं ठरतं. १८५ नॉटला ४५ अंशांच्या वळणाची त्रिज्या साधारण ९२५ मीटर येते. व्यास झाला १,८५० मीटर, म्हणजे एक नॉटिकल मैल. डाउनविंड बरोबर एक मैलावर असेल तर ४५ अंश पूर्ण वळणभर धरावे लागतात आणि चुकायला जागाच उरत नाही. १.२ मैल ठेवलेत तर तेच वळण ४० अंशांत होतं. आमचा आग्रह १.२चाच आहे. तेच अंतर ०.८ मैलावर आलं की ५१ अंश लागतात, पंखावर १.६ जी, म्हणजे वजनाच्या १.६ पट भार, येतो आणि स्टॉलचा वेग २६ टक्क्यांनी वर चढतो. वेगाचा काटा तोच दाखवतो, खालची मर्यादा मात्र वर आलेली असते.

त्यात वारा. समजा २० नॉटचा वारा तुम्हाला धावपट्टीकडे ढकलतोय. अर्धवर्तुळाला ३५-३७ सेकंद लागतात आणि तेवढ्यात विमान पावणेचारशे मीटर सरकतं. डाउनविंड तेवढाच बाहेर नेला नाही तर धावपट्टीची रेषा ओलांडली जाते. मग सवयीने हात बँक वाढवतो, नाक वर राहावं म्हणून स्टिक ओढतो, आणि तुम्ही त्या १५,००० फुटांवरच्या सरावात परत येता, या वेळी ६०० फुटांवर. वळणाच्या मध्यावर बघा: धावपट्टीची रेषा गाठायला ४५ अंशांपेक्षा जास्त बँक लागणार असेल, किंवा लाल चिन्ह पेटलं असेल, तर पंख सरळ करा, पॉवर लावा आणि वर जा. रेषा ओलांडली जाऊ दे. हा निर्णय आधीच घेतलेला असावा, त्या क्षणी विचार करायला वेळ मिळत नाही.

वळणात नजर तीन जागी फिरत राहायला हवी: धावपट्टीचं टोक, इंडेक्सर, वेग. एकाच मॉनिटरवर उडवणाऱ्यांनी डावीकडे-वर बघायचं एक बटण ठरवून ठेवावं. धावपट्टी काचेबाहेर गेली की बरेच जण गेजमध्ये अडकतात आणि नाक हळूच वर चढतं. वळण अर्धं झालं तेव्हा उंचीही साधारण अर्धी उतरलेली असावी.

[दृश्य: फायनल. हिरवं वर्तुळ. धावपट्टी जवळ येते.]

फायनलला तीन अंशांच्या उतारावर १६५ नॉटला मिनिटाला साधारण ८७५ फूट उतार हवा. उभ्या वेगाचा काटा त्याच्या आसपास स्थिर असेल तर स्टिकला फारसं काही करावं लागत नाही. वेगासाठी थ्रॉटलच्या छोट्या, सतत चालणाऱ्या हालचाली करा. दहा नॉट जास्त घेऊन आलात तर सुरक्षित वाटतं, पण तेवढ्याने विमानाची गतिज ऊर्जा बारा टक्क्यांहून अधिक वाढते. हा पंख जमिनीजवळ तरंगत राहतो आणि धावपट्टी मागे पळते. थ्रॉटल एका झटक्यात आयडलला ओढणंही तितकंच वाईट, कारण मग विमान तरंगत नाही, बसतं. धावपट्टीच्या टोकाशी पॉवर हळूहळू काढत, नाक किंचित वर घेत, २५ नॉट विरघळू द्या.

मुख्य चाकं टेकल्यावर ब्रेककडे जाऊ नका. स्टिक मागे घेत नाक सुमारे १२ अंशांपर्यंत उचला आणि तिथे धरा. पोटाखाली हवा अडते आणि विमान ब्रेक न लावता मंदावतं. १२च्या वर गेलात तर शेपूट घासते. १०० नॉटच्या आसपास, स्टिकमध्ये ताकद आहे तोवरच, नाक खाली ठेवा. त्यानंतर ब्रेक, दोन्ही सारखे, हळूहळू वाढवत. टी-३८ला अँटी-स्किड नाही. चाक अडकलं की टायर एका जागी घासला जाऊन फुटतो आणि विमान त्या बाजूला ओढलं जातं. ब्रेकचा अक्ष नसून नुसतं बटण असेल तर ते सलग दाबून न ठेवता थोडं थोडं दाबत राहा. नोजव्हील स्टिअरिंगचं बटण वेग टॅक्सीइतका उतरल्यावरच दाबा आणि दाबण्याआधी रडरचे पेडल मध्यावर आणा, नाहीतर पुढचं चाक पेडल असेल त्या दिशेला झटकन वळतं.