पोटॅशियमची हाक

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असते. पण शरीर स्वस्थ बसलेले असतानाही एकूण प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो. एवढा खर्च असूनही त्याच्याजवळ साठा जवळजवळ नसतो. म्हणून मेंदूचा जो भाग कामाला लागतो, त्याच भागात काही क्षणांत जास्त रक्त पोहोचावे लागते. हे नियमन मेंदू स्वतःच करतो, असे रॉय आणि शेरिंग्टन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी 1890 साली मांडले. मात्र रक्ताला निरोप नेमका कसा मिळतो, हे उलगडायला शतकाहून अधिक काळ गेला.

हा निरोप नेतात आयन-वाहिन्या, म्हणजे पेशीच्या पटलात बसवलेली, विद्युतभारित कण आत-बाहेर सोडणारी प्रथिनांची सूक्ष्म दारे. लहान धमन्यांच्या भिंतीतील स्नायूंवर रक्तदाबाचा ताण आला, की तेथील कॅल्शियमची दारे उघडतात, आत शिरलेल्या कॅल्शियममुळे स्नायू आकसतात आणि धमनी कायम थोडी आवळलेली राहते. तिला सैल करायचे, तर स्नायूपेशीच्या आतील विद्युतदाब अधिक ऋण व्हावा लागतो, म्हणजे कॅल्शियमची दारे मिटतात.

अडचण अशी, की रक्ताची गरज भासते ती केशवाहिन्यांच्या दाट जाळ्यात, आणि आवळणारे स्नायू असतात त्यांच्या वरच्या बाजूच्या धमनीत. पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी हवे असले, तरी दार वर कालव्यापाशीच उघडावे लागते, तसेच हे. अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठातील मार्क नेल्सन, थॉमस लाँगडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवून दिले, की केवळ नळी समजली जाणारी केशवाहिनीच ही हाक ऐकते आणि वर पोहोचवते.

चेतापेशी काम करताना पोटॅशियम बाहेर टाकतात. एरवी दर लिटरला सुमारे 3 मिलिमोल असलेले बाहेरचे पोटॅशियम वाढले, तर पेशीचा ऋण दाब कमी व्हावा, अशी आपली अपेक्षा असते. केशवाहिनीच्या पेशींत मात्र उलट घडते, आणि मला या साऱ्या रचनेतील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. त्यांच्यातील केआयआर 2.1 नावाच्या पोटॅशियम-वाहिनीत एरवी मॅग्नेशियम आणि पॉलिअमाइन यांचे कण आतल्या बाजूने बूच होऊन बसलेले असतात. बाहेरचे पोटॅशियम 10 मिलिमोलच्या आसपास गेले, की ही बुचे सुटू लागतात, पेशीतील पोटॅशियम बाहेर वाहते आणि पेशी आतून अधिक ऋण होते. त्या बदलाने शेजारच्या पेशीतील तीच दारे उघडतात, आणि हा संदेश पेशीपेशींतून रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने चढत धमनीपर्यंत जातो. तेथे स्नायू सैलावतात. नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढत असल्यामुळे त्रिज्या 10 टक्के वाढली, तरी त्याच दाबाखाली सुमारे 46 टक्के अधिक रक्त वाहू शकते.

या हाकेला मर्यादा आहे. मेंदूच्या आवरणांखाली रक्तस्राव झाल्यावर किंवा पक्षाघातात बाहेरचे पोटॅशियम 20 मिलिमोलच्या पुढे जाऊ शकते. मग तेच पोटॅशियम स्नायूपेशीचा ऋण दाब घटवते, कॅल्शियमची दारे उघडतात आणि गरजेच्या वेळीच धमनी आवळते. कॅल्शियमची हीच दारे अडवणारे निमोडिपिन हे औषध धमनीचा फुगा फुटून झालेल्या अशा रक्तस्रावानंतर रुग्णांना साधारणपणे 21 दिवस दिले जाते.