मिशी आणि शालू

(माहितीपटाचं निवेदन. रंगपट. आरशासमोर एक मुलगी. वरच्या ओठावरून फिरणारा ब्रश.)

स्पिरिट गमचा वास आधी नाकात जातो, मग डोळ्यांत. गम ओठावर लावायचा, जरा चिकट होईपर्यंत थांबायचं, क्रेपच्या केसांची मिशी मधून कडेकडे बसवत न्यायची आणि वरून ओल्या फडक्यानं दाबून धरायची. तेवढा वेळ हसायचं नाही. हसलं की कोपरा सुटतो. हिचा दुसऱ्यांदा सुटलाय.

हौशी संघ आहे, सगळ्या बायकांचा. आज 'सौभद्र'मधला प्रवेश आणि ही अर्जुन. नाटकाचं कळल्यावर दोन स्थळं पुन्हा फिरकली नाहीत, एवढं तिनं सांगितलं आणि परत आरशाकडे वळली.

बाईनं अर्जुन करायचा, म्हणजे काहीतरी नवीनच, असं प्रेक्षकांतले एक आजोबा आम्हाला म्हणाले. तसं ते नवीन नाही. शंभरेक वर्षांपूर्वी मराठीत नुसत्या स्त्रियांच्या नाटक मंडळ्या गावोगाव हिंडत होत्या. बेळगावकर स्त्री संगीत मंडळी, मनोहर स्त्री संगीत मंडळी. राजा बाई, प्रधान बाई, खलनायकही बाईच. त्यांच्या मिशा कशानं चिकटवत, कोण जाणे.

(जुनं चित्रीकरण. कारंज्याच्या हौदात डुंबणाऱ्या स्त्रिया.)

आता हे बघा. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळं उरली आहेत, त्यांतलं हे दृश्य. ओलेत्या साड्या, पाण्याचे फवारे, खिदळणं. यांतली प्रत्येक बाई पुरुष आहे. १९१३ साली फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नाही. उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. हा सिनेमा खरा, पण रिवाज नाटकातून आला होता. १८४३ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून सीता, सुभद्रा, शकुंतला पुरुषच रंगवत आले. बालगंधर्वांच्या शालूची नेसण घरंदाज बायका उचलत. त्याच बायकांना त्या बोर्डावर पाय ठेवायची मुभा नव्हती.

(छायाचित्रं: आई आणि मुलगी.)

त्याच वर्षी फाळक्यांना शेवटी बाई मिळाली, तीही नाटकातच. चित्रपट 'मोहिनी भस्मासुर'. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या. पदरात मुलगी. त्या फिरत्या नाटक कंपनीत गेल्या आणि जातीनं त्यांना वाळीत टाकलं. कंपनीबरोबर फिरताना शाळा कुठली; मुलीचं शिक्षण रंगपटातच झालं.

या कमलाबाई पुढे गोखल्यांच्या घरात गेल्या. नवरा रघुनाथराव, उमेदवारीच्या काळात किर्लोस्कर मंडळीत स्त्रीपार्टी. आवाज फुटला तसे पुरुष भूमिकांकडे वळलेले. आणि कमलाबाईंनी स्त्रीभूमिकांबरोबर पुरुषपार्टही केले. एका घरात शालूही होता आणि मिशीही! नवरा लवकर गेला, मागे तीन मुलगे. कमलाबाई नाटक करत राहिल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. ही नावं सगळ्यांना माहीत असतात. दुर्गाबाईंचं नाव सांगावं लागतं.

(नाट्यगृहाची रिकामी खुर्च्यांची रांग. जुनी जाहिरात.)

'कुलीन' हा शब्द या माहितीपटात वापरायचा नाही, असं आम्ही ठरवलं होतं. १९३३पर्यंत आलो आणि तो टाळता येईना. १ जुलै १९३३. मुंबईचं रिपन थिएटर. नाट्यमन्वंतर या संस्थेचं 'आंधळ्यांची शाळा'. नाटककार श्री. वि. वर्तक, मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचं. लग्नाआधीच्या चारित्र्याचा हिशेब मुलीकडे मागता, तर मुलाकडेही मागा, असा त्याचा सूर. ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक त्यात स्त्रीभूमिकांत उभ्या राहिल्या. कुलीन स्त्रिया रंगभूमीवर आल्या, असं तेव्हापासून आजपर्यंत लिहिलं जातं.

मग त्याआधी आल्या त्या कोण होत्या?

हिराबाई बडोदेकरांनी या नाटकाच्या काही वर्षं आधी नूतन संगीत नाटक मंडळी काढली होती. भावंडं सोबत. स्त्रीभूमिका स्त्रियाच करत, पुरुष भूमिका पुरुष. पदराला खार लागला, कंपनी बंद पडली, मैफिली करून हिराबाईंनी देणी फेडली. पण पहिलेपणाची मोजणी निघते ती बहुतेक वेळा रिपन थिएटरपासून.

(नारायणगाव. राहुट्या. ट्रकमधून उतरणाऱ्या पेट्या. चाळ बांधणारे हात.)

आणि इथे तर मोजणी कुणी केलीच नाही. जत्रांचा हंगाम जवळ आला की तमाशाच्या फडांच्या राहुट्या अशा रांगेनं लागतात, गावकारभारी येतात, सुपारी ठरते. चाळ बांधणं बघा. पायाला आधी कापडाची घडी, त्यावर घुंगरांची पट्टी, एकावर एक वेढे, प्रत्येक वेढ्याला दोरीची गाठ. पोटरीवर वळ राहतात. ते कॅमेऱ्यात आलेत.

याच गावच्या तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर. भाऊ-बापूंच्या फडातल्या. खेळ चालू असताना आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना तोंडपाठ आहे. शेवटी उपचारांनाही पैसे नव्हते, २००२ला गेल्या. आज त्यांच्या नावानं राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो.

(पुन्हा रंगपट. पहिली घंटा.)

अर्जुन फेटा बांधून तयार. सुभद्रा निऱ्या सारख्या करतेय. बाजाची पेटी लागली, तबलजी अजून हातोडी ठोकतोय. दुसरी घंटा. कुणीतरी पाणी मागतं, ते आज देणार कोण यावरून विंगेत कुजबुज.

तिसरी घंटा. मिशीचा डावा कोपरा पुन्हा सुटलाय. सुभद्रा अर्जुनाची हनुवटी धरते, अंगठ्यानं तो कोपरा दाबते, आणि पडदा सरकेपर्यंत दाबून ठेवते.